जाताना, की येताना

“म्हणजे तुम्हीच त्याला वर पाठवलं?”

“हो.”

“कबूल करता?”

“हो.”

हा प्रश्न रामटेके सरांनी वाटेत गाडी चालवताना पुन्हा पुन्हा घोळवला होता. समोरचा माणूस आधी नाही म्हणेल, मग सारवासारव करेल, मग आपण त्याला धारेवर धरू, असं त्यांनी ठरवलं होतं. भन्ते खेमक यांनी सरळ ‘हो’ म्हणून पुढचं सगळं मोडून टाकलं.

भन्ते विहाराच्या ओट्यावर बसले होते. सर खाली उभे होते. त्यांनी वंदन केलं नव्हतं. आयुष्यभर मुख्याध्यापकी केलेला माणूस. शाळेच्या दारात ते दिसले की उशिरा येणारी पोरं मागच्या भिंतीवरून उड्या मारत.

गेल्या वर्षी याच दिवसांत त्यांचा मुलगा सुमेध मोटारसायकल घेऊन कोसमटोल्याच्या घाटात आला होता. पानगळ बघायला.

उन्हाळा तोंडावर आला की या डोंगरांत धावडा तांबडा होतो, तेंदू पिवळा पडतो आणि सागाची सुपाएवढी पानं रस्ताभर पसरतात. हौशी माणसं मुद्दाम गाड्या काढून येतात. सुमेधही आला. घाटातल्या वळणावर, वाळक्या पानांवरून, त्याची गाडी घसरली.

एकुलता एक होता.

“तुम्ही काय सांगितलं त्याला?” सरांनी विचारलं.

भन्ते म्हणाले, “पाणी प्यायला थांबला होता. वंदन केलं. पानगळ कुठून चांगली दिसते, म्हणून विचारलं. मी म्हटलं, वळणावर थांबू नको, तिथून काही दिसत नाही. पार टोकावर जा.”

“आणि परत येताना? येताना दिसला तुम्हाला?”

“नाही. मला दुपारी गावात वंदनेला जायचं होतं. परतलो तेव्हा माणसं जमली होती.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“काय?”

“जाताना गेला, की येताना.”

…

हा एकच प्रश्न घेऊन सर वर्षभर फिरत होते. वनखात्याच्या नाक्यावर विचारून झालं होतं. चहाच्या टपरीवर विचारून झालं होतं. ज्यांनी सुमेधला उचललं, त्या गावकऱ्यांच्या घरी जाऊन, गाडीचं तोंड कुठल्या दिशेला होतं, हेही विचारलं होतं. गाडी घसरताना गरकन फिरली होती. लोकांनी आधी पोराला उचललं, हे त्यांचं बरोबरच होतं. मग कुणीतरी गाडी ओढून कडेला लावली. फोनचा चुरा झाला होता. त्यात फोटो असतील तर ते त्याच्याबरोबर गेले.

लोक आधी हळहळायचे. अलीकडे सर दिसले की टपरीवाला उगाच आत जाऊन काहीतरी शोधत बसायचा.

भन्ते खेमक यांनी त्याला वर पाठवलं, हे नाक्यावर नुकतंच कळलं होतं. तेवढेच राहिले होते. आज तेही संपलं.

सर ओट्याच्या कडेवर टेकले. तरी मुख्याध्यापकाचा आवाज सुटला नाही.

“मला अनित्य सांगू नका,” ते म्हणाले.

“नाही सांगत.”

“तो गेल्यावर आमच्याकडे पुण्यानुमोदनाला एक भन्तेजी आले होते. त्यांनी हीच उपमा दिली. झाडाचं पान असं गळतं, माणूस तसा जातो. मी मध्येच उठून गेलो. लोक पाहून राहिले होते… पण ते पान हिरवं होतं, भन्तेजी. त्यांना एवढंही दिसलं नाही?”

भन्त्यांनी मान खाली घातली.

अंगणात सागाची पानं पडत होती. सागाचं पान पडतं ते आवाज करत पडतं. दोघं ऐकत बसले.

बऱ्याच वेळानं भन्त्यांनी विचारलं, “तुम्ही टोकावर गेलात का?”

“वळणावर गेलो. कितीदा तरी.”

“टोकावर?”

“तिथं माझं काय काम? तो वळणावर गेला.”

“तो टोकावर जायला निघाला होता.”

वर्षभरात दर खेपेला सरांनी गाडी वळणावरूनच मागे फिरवली होती. पुढे रस्ता आहे, हे त्यांना माहीत होतं. पाटी होती तिथं.

भन्ते उठले. भिंतीला टेकवलेला खराटा त्यांनी उचलला.

“गाडी काढा,” ते म्हणाले.

…

घाट लहानसाच आहे. पण चढ सुरू झाला की दोन्ही बाजूंनी जंगल जवळ येतं आणि गाडीत बोलणं आपोआप कमी होतं. भन्ते मागच्या सीटवर बसले होते. खराटा त्यांच्या मांडीवर आडवा होता आणि त्याच्या काड्या काचेला लागत होत्या.

सर समोर बघून गाडी चालवत होते. समोर बघूनच बोलले. कधीकधी माणसाला तोंड दिसत नसलं की बोलता येतं.

“त्याला मी फोन केला होता.”

“कधी?”

“त्या दिवशी. दुपारी. घरी पाहुणे आले होते, त्याला बघायला. मुलीचे वडील, काका. मी सगळ्यांना वेळ दिली होती, आणि याचा पत्ता नाही. माझी मान खाली गेली.” सरांनी गियर बदलला. “सकाळीच म्हटलं होतं त्याला, वाळकी पानं पाहायला काहून पेट्रोल जाळतोस? आपल्या अंगणात काय कमी पडतात? तो हसला आणि गेला.”

“फोनवर काय बोललात?”

“कुठं भटकून राहिलास? असशील तिथून निघ. पाहुण्यांसमोर माझी शोभा करू नको.”

“तो काय म्हणाला?”

“निघालोच, बाबा.”

…

“निघालोच तर तो अंथरुणातूनही म्हणायचा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “म्हणून कळत नाही. कुठं होता तेव्हा, काही कळत नाही.”

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. पत्नीला, कुंदाबाईंनाही नाही. घरात आता फारसं बोलणं होत नसे. कुंदाबाई ताट वाढत, पाणी ठेवत, आणि सुमेधच्या खोलीचं दार ओढून घेत. त्यांनी कधी काही विचारलं नाही. त्या विचारत नाहीत याचं सरांना आधी बरं वाटायचं. मग त्याचीच भीती वाटू लागली.

“तो वर जात असेल,” सर म्हणाले, “तर त्यानं माझं ऐकलंच नाही. नेहमीसारखं. त्याच्या मनानं चालला होता आणि घसरला. माझा काही संबंध नाही.”

“आणि येत असेल तर?”

सरांनी गाडीचा वेग कमी केला.

“तर ऐकलं.”

भन्त्यांनी मांडीवरचा खराटा नीट धरला.

“जन्मभर त्याच्यामागे लागलो, भन्तेजी, की माझं ऐक. आणि आता वर्षभर एकच मागतो आहे… त्यानं माझं ऐकलेलं नसावं.”

…

वळण आलं. भन्त्यांनी गाडी थांबवायला सांगितली.

ते खराटा घेऊन उतरले आणि रस्ता झाडू लागले. सर गाडीतच बसून राहिले. स्टिअरिंगवरचे हात त्यांनी काढले नाहीत. म्हातारा भिक्खू वाकून वळणाच्या आतल्या बाजूची पानं कडेला लोटत होता. चीवराचा सोगा सारखा घसरत होता आणि तो डाव्या हातानं सावरत होता. एक जीप हॉर्न वाजवत गेली. तिच्या वाऱ्यानं झाडलेली अर्धी पानं पुन्हा रस्त्यावर आली. भन्त्यांनी ती पुन्हा लोटली.

हे ते रोज करत असणार. रस्त्याची ती कड तेवढी स्वच्छ दिसत होती. सरांच्या ते याआधी कधी लक्षात आलं नव्हतं. प्रत्येक वेळी ते दुसरंच काहीतरी शोधत होते.

भन्ते धापा टाकत आत येऊन बसले.

“उद्या पुन्हा पडतील,” सर म्हणाले.

“पडतील.”

“मग?”

“त्याला वर पाठवताना, वळणावर पानं आहेत, एवढं सांगायचं राहिलं माझं,” भन्ते म्हणाले. “चला.”

सरांनी आरशात पाहिलं. भन्ते खिडकीबाहेर बघत होते. या माणसाला शब्दांत पकडायला आपण आलो होतो, हे आठवून सरांना लाज वाटली. त्यांनी गाडी पुढे घेतली. वळण मागे पडलं.

…

टोकावर काही नव्हतं. एक मोठा काळा खडक, थोडी मोकळी जागा, कुणीतरी टाकलेल्या पाण्याच्या बाटल्या.

आणि खाली खोरं.

पलीकडच्या उतारावरचा सगळा धावडा तांबडा झाला होता. मध्ये मध्ये तेंदूचा पिवळा. करूची झाडं पार उघडी, पांढऱ्या खोडांची, त्या रंगांत एकटीच उभी. वारा नव्हता तरी पानं पडत होती. एक सुटायचं, फिरत फिरत खाली जायचं, आणि ते दिसेनासं होईतो दुसरीकडे आणखी एक सुटलेलं असायचं. इतकी पानं पडत होती तरी खोरं भरलेलंच दिसत होतं.

सर खडकापाशी उभे राहिले. बराच वेळ उभे राहिले.

“मला वाटलं होतं, काही नसेल,” ते म्हणाले. “फोटोत असतं तसं काहीतरी. पोरांचं खूळ.”

…

“हे इतकं चांगलं असायला नको होतं, भन्तेजी.”

आणि मग त्यांना रडू आलं. अंत्यसंस्काराच्या वेळी ते रडले नव्हते. आल्या-गेल्याला खुर्च्या देत होते. आता खडकावर बसून, चष्मा हातात धरून, ते वेडेवाकडे रडले. नाक गळत होतं ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

भन्ते जवळ आले नाहीत. पाठीवर हात ठेवला नाही. थोड्या अंतरावर उभे राहून तेही खोऱ्याकडे बघत होते.

ऊन उतरलं. आधी खालचा उतार काळवंडला, मग मधला. वरची तांबडी पट्टी तेवढी राहिली.

“उपासक,” भन्ते म्हणाले.

सरांनी मान वर केली.

“वर्षभर दारोदार विचारत होतात. आता माझ्यासकट सगळे संपले. सांगणारं कुणी राहिलं नाही.”

“हो.”

“मग तुम्हीच सांगा. जाताना, की येताना?”

सरांनी चष्मा घातला. खोऱ्याकडे पाहिलं. ती तांबडी पट्टीही आता विरत चालली होती. इथं, याच खडकावर एखादा पोरगा बसला असेल तर काय करेल? पाय खाली सोडेल. शीळ घालेल. सुमेधला शीळ घालायची खोड होती आणि घरात शीळ घातली की सर ओरडत. फोन वाजला तर तो म्हणेल, निघालोच, बाबा. आणि एकदा, शेवटचं एकदा, खाली बघून घेईल.

एका शब्दात सुटका होती. दुसऱ्या शब्दात जन्मभराचं ओझं होतं. सरांना दोन्ही अगदी स्वच्छ दिसत होतं.

…

“येताना,” ते म्हणाले.

भन्त्यांनी सरांकडे पाहिलं.

“येतानाच असू दे.” सरांचे शब्द नीट येत होते. “त्यानं हे पाहिलेलं असू दे.”

“आणि फोन?”

“फोन माझा. माझ्याच नावावर राहू दे.” ते उठले. पॅन्टला लागलेली माती त्यांनी झटकली नाही. “कुंदाला सांगतो. आजच सांगतो. मग ती काय म्हणायचं ते म्हणो.”

भन्त्यांनी ‘साधु, साधु’ म्हणून साधुकार दिला नाही. खराटा उचलला आणि गाडीत जाऊन बसले.

सर गाडीत आले. खोऱ्यात आता काही दिसत नव्हतं, पण पानं पडल्याचा आवाज मध्येच येत होता. मग त्यांना घर आठवलं, आणि सवयीनं हात भराभर चालू लागले. गाडी सुरू केली, दिवे लावले, मागे घेतली, उताराला लावली.

“उशीर झाला,” ते म्हणाले. “ती वाट पाहत असेल.”

“पाहू दे,” भन्ते म्हणाले. “उतरताना घाई करू नका.”