जावयानं तपासलेला माल

एका गावात एक भोळा जावई होता. गाव त्याचं नव्हतं, सासऱ्याचं होतं. जावयाचं नाव म्हाळू. सासरा यशवंता लोहार, हाताचा मोठा कसबी. त्यानं सांगून ठेवलं होतं, "जावईबापू, लोखंडाचं कच्चं-पक्कं ओळखायला शिका. मगच सगुणाला नांदायला पाठवीन." म्हणून म्हाळू सासऱ्याच्या भट्टीवर शिकायला राहिला. बायको दारातून येता-जाता दिसायची, तेवढंच.

सासऱ्यानं त्याच्या हातात कानस दिली, पुढं कोयता ठेवला.

"पात्यावर कानस ओढा. घसरली तर पातं पक्कं. चावली तर कच्चं. कच्चं निघालं की भट्टीत घालायचं, लाल झालं की पाण्यात बुडवायचं."

"मला सांगताय म्हणजे सोपंच असणार," म्हाळू म्हणाला.

दुपारी सासूबाईंनी तांब्याचा हंडा घासून अंगणात पालथा घातला. म्हाळूनं त्यावर कानस ओढली. चावली. त्यानं हंडा भट्टीत घातला आणि जीव तोडून भाता मारला. सासूबाई बघतात तर हंड्याचा गोळा.

"मामी, हंडा कच्चा होता," म्हाळू म्हणाला. "पाण्यात बुडवणार, तेवढ्यात वाहून गेला."

सासऱ्यानं कपाळाला हात लावला. "अहो, भांड्याला कानस लावतात का? भांड्याला टिचकी मारायची. खणकन वाजलं तर चांगलं. बद्द वाजलं तर तडा गेलाय समजायचं, उचलून बाजूला ठेवायचं."

"चुकलंच मामा. मला डोकं आहे, पण ते वापरात नाही."

दुसऱ्या दिवशी ऊसतोडीचे मुकादम नवे कोयते करायला सांगायला आले. घोंगडीवर बसले, फेटा उतरवून मांडीवर ठेवला. खाली टक्कल. गोल, गुळगुळीत, उन्हात चकाकणारं. म्हाळूनं मागून पाहिलं. एवढं घडीव म्हणजे भांडंच. त्यानं टिचकी मारली. बद्द वाजलं. त्यानं मुकादमांच्या काखेत हात घातले आणि त्यांना उचलून मोडक्या घमेल्यांशेजारी ठेवलं.

"यशवंता, हा कोण?" मुकादमांनी तिथूनच विचारलं.

"आमचे जावई."

"मग तुला काय बोलायचं? तूच भोगतोयस."

कोयते सांगून मुकादम गेले. जाताना म्हणाले, "एक जरी कोयता उसात वाकला, तरी पुन्हा तुझ्या दारात येणार नाही."

सासऱ्यानं म्हाळूला जवळ बसवलं. "जावईबापू, दिसेल ते तपासत सुटू नका. घरातून बाहेर जाणारा माल तेवढा तपासायचा. तोही सगळा नाही. ढिगातला एकच नग घ्यायचा. तो कच्चा निघाला तर अख्खा ढीग माघारी."

कोयते तयार झाले. म्हाळूनं ढिगातला एक उचलला, कानस ओढली. चावली. ढीग माघारी. सासऱ्यानं एकेक पातं पाहिलं, तर खरंच सगळी मऊ. त्यानं ती पुन्हा तापवली, पुन्हा पाणी दिलं. मुकादम हसत माल घेऊन गेले.

सासऱ्याचा ऊर भरून आला. "शिकलात. आता न्या सगुणाला."

सासूबाईंनी लेकीची ओटी भरली, डोळे पुसले. गाडी जुंपली. म्हाळू बायकोला घेऊन निघाला.

दिवेलागणीला गाडी पुन्हा दारात. सगुणा आत तोंड फुगवून बसलेली. म्हाळू खाली मान घालून उभा.

"काय विसरलं का?" सासऱ्यानं विचारलं.

"हो मामा. आमच्या गावच्या वेशीपाशी ध्यानात आलं. घरातून बाहेर जाणारा माल तपासायचा राहिलाच."

सासरा ताडकन उठला. "माझ्या लेकीला कानस लावलीत?"

"छे छे. एकच नग तपासायचा ना? गाडीत दोघंच. तिला कशाला त्रास, म्हणून मी स्वतःलाच घेतलं."

"मग?"

"कच्चा निघालो. कानस काढायचीसुद्धा गरज पडली नाही. म्हणून अख्खा ढीग माघारी आणलाय."