थोपटायला उचललेला हात

राजेलोक स्वतः आखाड्याच्या कडेला मांडी घालून बसत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट.

पकडीची विद्या शिकून एक मुलगी परमुलखातून गावी परतत होती. वाटभर ती मनाशी बेत करत आली. आपल्या गावात दोन तालमी. वरची तालीम उभ्याने लढणारी, उचलून फेकणारी. खालची तालीम समोरच्याला जमिनीवर नेऊन त्याचा सांधा अडकवणारी. दोन्ही एकत्र आणल्या, तर अशी विद्या साऱ्या राज्यात सापडणार नाही!

गावात शिरल्यावर तिला दिसली ती वाकडी कोपरं. पाणक्याचं कोपर वाकडं. कुंभाराचा खांदा उतरलेला. एक जण डाव्या हाताने भाकरी मोडत होता. आणि जो तो आपलं दुखणं मिरवत होता.

"असं कसं झालं?" तिनं वडिलांना विचारलं. ते वरच्या तालमीचे वस्ताद होते.

"त्यांनी थोपटलं नाही," वस्ताद अभिमानानं म्हणाले.

थोपटणं म्हणजे काय, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पकड सोसवेना, की समोरच्याच्या अंगावर हात थोपटायचा. त्यानं लगेच सोडायचं. तालमी एक होत्या तेव्हा हाच पहिला धडा असे. पुढे तालमी फुटल्या आणि दोन्हीकडे शपथा झाल्या. आपसांत थोपटा, त्यांच्यापुढे कधीही नाही.

मुलगी पेटून उठली. "बाबा, ही विद्या अंग राखायला आहे, मोडून घ्यायला नाही!"

"परमुलखात डाव शिकवतात, अब्रू नाही शिकवत वाटतं," वस्ताद म्हणाले आणि लंगोट वाळत घालायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जत्रेची लढत होती. वरच्या तालमीकडून तिचा धाकटा भाऊ उतरणार होता. तिन्हीसांजेला तो पायरीवर ढोलकी वाजवत बसला होता. तालमीपेक्षा त्याचा जीव ढोलकीतच जास्त.

"सोसवेना तर थोपट," ती म्हणाली. "मी आहे ना तिथं."

"आणि बाबांनी घरात घेतलं नाही तर?"

"तर दोघं अंगणात झोपू."

तो हसला. "बघ हं ताई, ऐन वेळी पलटशील."

लढत सुरू झाली. भावानं खालच्या तालमीच्या पोराला उचलून आपटलं, पुन्हा आपटलं. वरची तालीम नाचू लागली. पण पुढच्या वेळी तो पोरगा पडता पडता भावाला घेऊनच खाली गेला. त्यानं भावाचा उजवा हात दोन्ही पायांत अडकवला आणि ताणला.

"थोपट रे लेका, आई वाट बघतेय!" खालची तालीम खिदळली.

"मेलास तरी थोपटू नकोस!" वरची तालीम गरजली.

पकड धरणारा पोरगाच घाबरला होता. थोपटल्याशिवाय सोडलं असतं, तर त्याच्या तालमीनं त्याला दारात उभं केलं नसतं. "थोपट ना गड्या," तो दबक्या आवाजात म्हणाला.

भावाचा मोकळा हात वर उठला. त्यानं बहिणीकडे पाहिलं.

तिच्या कानांत तो जल्लोष भरला होता. मघाचे डाव डोळ्यांपुढे होते. एवढा क्षण काढला, की आपण जिंकलोच!

"सोस!" तिच्या तोंडून निघालं. "थोडंसं सोस!"

उठलेला हात तिथंच थांबला. मग कोपर मोडल्याचा आवाज आखाड्याच्या कडेपर्यंत ऐकू आला.

हात राहील, पण वळणार नाही, असं वैद्यांनी सांगितलं. वरच्या तालमीनं भावाला खांद्यावरून मिरवत घरी आणलं. संध्याकाळी त्यानं ढोलकी मांडीवर घेतली, डाव्या हातानं थोडा वेळ एकच बाजू वाजवली आणि खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी खालच्या तालमीत गेली. मागोमाग गाव जमलं, वस्तादही आले. तिनं त्याच पोराला बोलावलं, मातीला पाठ टेकली आणि हात पुढे केला.

"काल धरला होतास तसाच धर."

त्यानं धरला. दुखायच्या आधीच, वडिलांच्या देखत, तिनं त्याच्या पायावर थोपटलं. त्यानं झटकन सोडलं.

"पुन्हा धर," ती म्हणाली.

वस्तादांनी पाठ फिरवली. घराचं दार आता आपल्याला बंद झालं, हे तिला कळलं. पण तिचं ठरलं होतं. रोज सकाळी याच मातीत यायचं आणि सगळ्यांच्या आधी आपण थोपटायचं, मग कोणी शिकायला येवो न येवो.

जी अब्रू राखायला आपल्याच माणसाचं हाड मोडू द्यावं लागतं, ती अब्रू नव्हे.