ओखदाची टेकडी

वर ती जाड मुळ्यांची वेल दिसते ना पाहुणे, तिला आम्ही ओखद म्हणतो. खाली मडक्यात मोहाची फुलं आंबतात तेही ओखद, आणि पोट दुखलं की पाजतो तो काढाही ओखदच. गुरुजी म्हणतात, जुना शब्द आहे, मूळ ‘ओषधी’, म्हणजे रानातली वनस्पती. असेल बुवा! आमच्या पाड्यावर वेलीला तो रायलीपासून लागला, असं सांगतात.

रायली इथलीच लेक. तिचं लग्न ठरलं. वऱ्हाड येणार म्हणून पोरीनं हौसेनं आईचं काळंकुट्ट मडकं राखेनं घासघासून लख्ख केलं. झालं! पिढ्यान्‌पिढ्यांचं आंबवण मडक्याच्या अंगात मुरलेलं, ते सगळं ओढ्याला गेलं. फुलं नुसतीच भिजत पडली; ना फेस, ना वास. इकडे वऱ्हाड दारात, आणि व्याह्यांनी एकमेकांच्या हातचा घोट घेतल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही.

"माझ्या हातानं माझंच लग्न मोडलं गं आई!" रायली ढसाढसा रडली.

"रडून मडकं फसफसतं का? देवाला सांग जा," आई म्हणाली.

रायली टेकडीवर धावली आणि डोंगरदेवाला म्हणाली, "मडकं जागं कर. पहिला घोट माझा सासरा स्वतः वर आणून देईल." घाईत सासऱ्याचे पाय गहाण टाकून बसली की हो! डोळे उघडते तो एका वेलीच्या उघड्या मुळीवर माश्या घोंगावताहेत, मुळीला आंबूस वास. तिनं ती आणून ठेचून मडक्यात टाकली. सकाळी मडकं असं उसळलं म्हणे, की झाकण अंगणात.

भट्टी लागली, पहिली धार निघाली. सासरा नारसिंग, अंगानं आडवा, रागानं उभा. तो पेला तोंडाला लावणार, तोच रायलीनं त्याचा हात धरला. "मामा, थांबा! तुमच्या नावानं नवस बोललेय मी."

आईनं तर डोळेच मिटले.

सगळं ऐकून नारसिंगनं टेकडीकडे बघितलं, मग सुनेकडे, आणि खो खो हसला. "परक्याच्या नावानं कुणी नवस बोलत नाही. पोर आमची झाली!" म्हणत पेला घेऊन धापा टाकत टेकडी चढला, मागोमाग रायली. वेलीच्या मुळाशी घोट ओतताना त्यानं विचारलं, "हिचं नाव काय?"

"माझं ओखद," रायली म्हणाली.

तेच नाव पडलं. अन् आमच्यात नवरदेवाचा बाप अजूनही पेला सांभाळत ही टेकडी चढतो. तो उतरेस्तोवर मांडवात कुणी थेंब चाखत नाही. सगळे खालून ओरडतात, "उचला पाय, उचला!" आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज नवरीचा असतो.