काळ्या रांजणाचे थेंब

एका राज्यात वेदनेवर औषध सापडले, आणि त्या औषधाने शत्रूपेक्षा जास्त माणसे मारली.

औषध रांजणात होते. मोठ्या लढाईनंतर कृष्णदंत नावाचा मांत्रिक तो रांजण राजा अजितसेनाच्या दारात ठेवून गेला. आत काळा चीक होता. कितीही काढला तरी तो उतरत नसे. एक थेंब जिभेवर पडला की तुटलेला पाय दुसऱ्या कुणाचा वाटे. जाताना मांत्रिक म्हणाला, "आज एका थेंबाने भागेल. उद्या जीभ दोन मागेल. या रांजणाला तळ नाही." लोकांना ते वरदान वाटले.

त्या राज्याची एक रीत होती. आजाऱ्याला औषध घरच्याच माणसाने पाजायचे. परक्या हाताचे औषध लागू पडत नाही अशी समजूत होती. कुणाला आई पाजी, कुणाला बायको, कुणाला भाऊ. आणि मायेचा हात दर वेळी एक थेंब जास्त ओती. जखमा भरल्या, माणसे उठली नाहीत. मुले बापाला हाका मारून दमली. काही जण झोपेत श्वास घ्यायचे विसरले. राजाचा धाकटा भाऊ तसाच गेला. रांजणाचा राखणदार हैबती, त्याचा मुलगाही तसाच गेला. त्याला शेवटचे थेंब हैबतीनेच पाजले होते.

मग राजाने रांजणावर लाखेची मोहोर ठोकली आणि दवंडी पिटली, जो थेंब देईल त्याचा हात तोडला जाईल. जखमींच्या छावणीत ओरडणे सुरू झाले. दोघांनी विहिरीत उड्या टाकल्या. राजा बधला नाही.

अशात राजकन्या मृगावती घोड्यावरून पडली. मांडीचे हाड फुटले, आत पू झाला. वैद्य सोमदत्त राजापुढे उभा राहिला.

"पाय कापावा लागेल, महाराज. नाही कापला तर चार दिवस. चिकाशिवाय कापला तर वेदनेनेच जाईल."

"आणि चीक दिला तर?"

"तुमच्या भावाचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे."

राजा रांजणापाशी गेला. रांजणाच्या काठावर एक भारद्वाज पक्षी बसत असे. तीन वर्षे तो मुका होता. त्या दिवशी तो बोलला.

"शाप चिकाला नाही, हाताला आहे. तीन वेळा बरोबर ओतणारा हात मिळाला तर रांजणाला तळ येईल. चुकला तर त्या हाताचा दगड होईल."

राजाने हात पुढे केला.

"तुझा नको," पक्षी म्हणाला. "तू बाप आहेस."

राजाने हैबतीकडे पाहिले.

"मी माझा मुलगा मारला आहे, महाराज."

"म्हणून तर तुला सांगतो."

"आणि तुमची दवंडी?"

"मागे घेतली."

हैबतीने मोहोर फोडली. पक्षी त्याच्या खांद्यावर बसला. "पहिले काम. जो मागत नाही त्याला दे."

छावणीत शंभर जण ओरडत होते. एका कोपऱ्यात बहिर्जी नावाचा म्हातारा शिपाई गप्प पडला होता. त्याच्या उशीला दातांची भोके होती.

"कूस बदलता येते?" हैबतीने विचारले.

"मी काही मागितलेलं नाही."

"ते कळलं. घास गिळता येतो?"

म्हाताऱ्याने उशीची भोके हाताने झाकली. मग म्हणाला, "परवापासून नाही."

हैबतीने त्याला एक थेंब दिला. बहिर्जी कुशीवर वळला आणि झोपला. हैबतीचा हात मांसाचाच राहिला.

"दुसरे काम. जो मागतो त्याला मागेल तितके देऊ नकोस. आणि उठून जाऊ नकोस."

हैबतीचा पुतण्या गुणाजी तिथेच होता. त्याची जखम कधीच भरली होती. मोहोर लागण्याआधी त्याने शिंगात चीक भरून लपवला होता. तो काल संपला होता. आता त्याला घाम सुटला होता, तो पाय झाडत होता.

"काका, पाच थेंब."

"अर्धा मिळेल. उद्या त्याहून कमी."

"पोराला पोटभर पाजलंस. पुतण्याला मोजून?"

"पोटभर पाजलं म्हणून तो आज नाही."

गुणाजी त्याच्या तोंडावर थुंकला. हैबतीने तोंड पुसले आणि ओकारीसाठी भांडे पुढे धरले. दोन दिवस तो जागचा हलला नाही. तिसऱ्या सकाळी गुणाजीने पेज मागितली. हैबतीने बोटे हलवून पाहिली. हलत होती.

"तिसरे काम," पक्षी म्हणाला. "पुरेसे दे."

हैबतीला हे सोपे वाटले.

चौथ्या दिवशी वैद्याने करवत तापवली. "पाच थेंब," तो म्हणाला. राजकन्येने हैबतीकडे पाहिले.

"मी धाकट्या काकांसारखी होईन का?"

"होऊ शकतेस. म्हणून उद्यापासून मी तुझ्याशी भांडायला येणार आहे."

"रोज?"

"रोज."

तिने तोंड उघडले. एक, दोन, तीन, चार. तिथे हैबतीचा हात आखडला. मुलाच्या तोंडाला लावलेली वाटी त्याला दिसली. दोन बोटांची टोके राखाडी झाली, गार पडली.

"वैद्याने किती सांगितले?" पक्ष्याने विचारले.

"पाच. पण मला भीती वाटते."

"माया जास्त ओतते. भीती कमी ओतते. समोर कोण आहे ते बघ."

हैबतीने मुलीकडे पाहिले. वेदनेने चावून तिचे ओठ रक्ताळले होते. त्याने पाचवा थेंब टाकला.

पाय कापला. मुलगी जगली. रांजणात पाहिले तर चीक गुडघाभर उरला होता आणि काठी बुडवली तर ती मातीच्या तळाला टेकत होती. पक्षी उडून गेला. हैबतीच्या दोन बोटांची टोके मात्र दगडाचीच राहिली.

भांडण चाळीस दिवस चालले. नवव्या दिवशी राजकन्येने वाटी भिरकावली. "पोटचं पोर खाल्लंस, आता मला खातोस," ती म्हणाली. हैबतीने वाटी उचलली आणि ठरलेला अर्धा थेंबच ओतला. राजा उठला. "आज एक दे, हैबती."

"बसा, महाराज. तिचा हात धरा. तुमचं काम तेवढंच."

राजा बसला. पुढे राज्याचा नियमच तो झाला. ओतणारा परका, हात धरणारा घरचा. छावणी हळूहळू रिकामी झाली. काही जण चालत गेले, काहींना उचलून न्यावे लागले.

एकेचाळिसाव्या दिवशी वाटी आली नाही. राजकन्या लाकडी पायावर उभी राहिली.

"दुखतं?" राजाने विचारले.

"दुखतं."

"किती?"

"चालता येईल इतकं."