मोरपंखी होडीचा काठ

हे मी कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं आहे. दिगूमामाचा पाय पाकट माशाच्या काट्याने सुजला, असं त्याने घरी सांगितलं. मीही मान हलवली. पण मी धक्क्यावर होते, आणि तिथे पाकट नव्हता.

"तांडेल, आता याहून मऊ काय बांधू?" मामा होडीतून विचारत होता.

दाऊद तांडेल धक्क्यावर जाळं शिवत बसले होते. शिमग्यात आमच्या देवीची पालखी होडीतून खाडीपलीकडे जाते. चाळीस वर्षं ती तांडेलांनी नेली. यंदा त्यांचे गुडघे नको म्हणाले, म्हणून कुणाची होडी घ्यायची ते त्यांनीच ठरवायचं होतं. मामाने त्यासाठी होडीला मोरपंखी रंग दिला होता. त्या रंगापायी तो महिनाभर धड जेवला नव्हता.

"धक्क्याला लाव. बघू," तांडेल म्हणाले.

मामाने होडी आणली आणि दोन हात अलीकडेच थांबवली.

"लाव की."

"लावलीच आहे, तांडेल."

"देवी उडी मारणार काय रे?"

मामा लाजला. आमच्या धक्क्याच्या दगडांना कालवं चिकटलेली आहेत, वस्तऱ्यासारखी. रंग खरवडला जाऊ नये म्हणून त्याने शहरातून पांढरेशुभ्र रबरी फेंडर आणून काठावर टांगले होते. पण ते दिसत नव्हते.

"आत काय आहे?" तांडेलांनी विचारलं.

"फेंडर. काठ जपायला."

"वर गोणपाट?"

"फेंडर मळू नयेत म्हणून."

"त्यावर प्लॅस्टिक?"

"गोणपाट भिजू नये म्हणून."

तांडेलांची सुई थांबली.

"आणि प्लॅस्टिकला?"

...

मामा खरोखरच विचार करू लागला. तेवढ्यात मासळीची एक लाँच गेली आणि तिच्या लाटेने होडी धक्क्याकडे ढकलली. मामा "अरे अरे!" करत धावला आणि कालवं आणि प्लॅस्टिक यांच्यामध्ये त्याने स्वतःचा पाय घातला.

प्लॅस्टिकला ओरखडासुद्धा आला नाही.

"मिळालं उत्तर," तांडेल म्हणाले.

मामा पाय धरून बसला. तांडेल हळूहळू होडीत उतरले. प्लॅस्टिक कापलं, गोणपाट कापलं, फेंडर सोडून मामाच्या मांडीवर ठेवले. मग मला त्यांच्या जुन्या होडीवरचं काथ्याचं वेटोळं आणायला सांगितलं. ते काळं, केसाळ आणि एका बाजूने पार झिजलेलं होतं. त्यांनी ते मोरपंखी काठावर बांधलं.

"तांडेल, हे तर झिजलंय!"

"हो."

"माझी होडी वाईट दिसते हो!"

"हो."

मामा रडवेला झाला. मी तांडेलांच्या जुन्या होडीकडे बघितलं. वेटोळं काढलं होतं तिथला काठ अजून गुळगुळीत होता. पण मला कुणी विचारलं नव्हतं.

"मग... पालखी?" मामाने विचारलं. "माझ्या होडीतून?"

तांडेलांनी त्याच्या पायाकडे बघितलं.

...

मग जाळं खांद्यावर टाकून ते निघून गेले.

याला आज तीन दिवस झाले. आजी रोज हळद तापवते आणि पाकटाला शिव्या देते. मामा खाटेवर पडून आढ्याकडे बघतो. काल त्याने ते पांढरे फेंडर उशाला घेतले. मला वाटतं, तांडेल तेव्हा काही बोलले नाहीत, कारण त्यांना मामाला हे कळायला हवं होतं की जी वस्तू आपण

"ए पोरी! अगं बाहेर ये!" अंगणातून तांडेलांची हाक, आणि आजीही तिथेच. "मामाला सांग, परवा भरतीला पालखी त्याच्या होडीत. आणि म्हणावं, पाय आत ठेव!"