पोफळीच्या पुढचं मशीन

तालुक्याच्या दूध संघाच्या कचेरीत खिडकीलगत सहा संगणक ओळीने मांडलेले आहेत. मल्हारपेठ, पाटण, हेळवाक, कुंभार्ली, पोफळी, कातळवाडी, अशी त्यांची नावं. वाचत गेलं की घाट उतरणाऱ्या एसटीत बसल्यासारखं वाटतं. सातवा मात्र कापडाखाली, बिननावाचा. तो मयुराचा.

मयुराच्या लग्नाला तीन महिने झाले होते, नोकरीला तीन दिवस. मशीन सुरू का करत नाहीत, हे तिने जुने शिपाई दिगंबरमामा यांना विचारलं.

"त्याला रीत आहे, सूनबाई," मामा म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

फार वर्षांपूर्वी इथे रत्नप्रभा नावाची ऑपरेटर होती म्हणे. सहा मशीनं आली तेव्हा जिल्ह्याचा इंजिनिअर बजावून गेला: प्रत्येकाला नाव हवं, छोटं, मध्ये जागा न सोडता, आणि एकाचं दुसऱ्याला नको. नावाशिवाय नेटवर्कमध्ये घेणं नाही. त्याच्या मनात 'लेखा१, लेखा२' होतं. रत्नप्रभेने माहेरच्या वाटेवरचे थांबे दिले. दोन वर्षं तिला माहेरी धाडलं नव्हतं. आधी नणंदेचं लग्न, मग सासूबाईंचा गुडघा. रोज सकाळी ती आपल्या खुर्चीतून एकेका मशीनला हाक टाकी, म्हणजे त्याचं नाव टंकून ते जोडलेलं आहे का पाही. मल्हारपेठ 'आहे' म्हणे, पाटण 'आहे' म्हणे. पोफळीपर्यंत सगळे ओ देत.

सहाव्याला नाव देताना मात्र तिचा हात थांबला होता. पुढे कातळवाडी, तिचं माहेर. त्याने इथेच बसून रोज ओ दिली, तर मग तिकडे जायचं कशाला? तिने मशीनवर कापड टाकलं. सांगितलं, "मी जाऊन आल्याशिवाय याला नाव नाही."

कचेरीचे साहेब चिडले, समजावून थकले. संकलनाच्या पावत्या तुंबल्या. शेवटी, असं सांगतात, ते स्वतः तिच्या सासरी गेले आणि सासूबाईंपुढे हात जोडून म्हणाले, "सूनबाईंना माहेरी धाडा. माझं एक मशीन अडलंय."

सासूबाईंना मशीन कळलं नाही, पण साहेब दारात उभा, म्हणजे मामला मोठा. त्यांनी स्वतः लाडू बांधून दिले. रत्नप्रभा आठ दिवस राहून आली, नाव टाकलं, हाक दिली. 'आहे,' असं उत्तर आलं. त्यानंतर बराच वेळ ती पदराने स्क्रीन पुसत होती म्हणे. स्क्रीन तर स्वच्छच होती.

मयुरा हसली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "आमच्याकडे माहेरचं दिवाळीला बघू म्हणतात. माझं दिग्रस लांब पडतं ना."

"कुठली एसटी?"

"तीन बदलाव्या लागतात." तिन्हींच्या वेळा तिला तोंडपाठ होत्या. त्या तिने सांगितल्या नाहीत.

मामांनी कापडाची सुरकुती सारखी केली. आजही इथे नव्या सुनेचं मशीन आलं की ते आधी झाकून ठेवतात, आणि साहेब कितीही नवे असोत, इस्त्रीचा शर्ट घालून तिच्या सासरी जातात.

"उद्या साडेदहाला तुमच्याकडे येतायत," मामा म्हणाले. "सासूबाईंना चहाचं सांगून ठेवा."