देव्हाऱ्यातला तुकडा

“मग उद्याची पालखी मी नेऊ ना, बुवा?”

विश्वंभर सकाळपासून हेच विचारत होता.

शिमग्याची पालखी दर वर्षी मठाच्या होडीतून खाडी ओलांडते आणि पलीकडच्या वाडीला जाते. सोबत म्हाताऱ्या असतात, पोरं असतात, एखादा ढोलवाला असतो. आजवर ती होडी नारबुवा स्वतः वल्हवत. यंदा त्यांचे खांदे दुखत होते आणि त्यांच्या शिष्याला घाई झाली होती.

विश्वंभर हा मठातला सर्वांत हुशार शिष्य. हे मत त्याचंच होतं, पण तो ते इतक्यांदा सांगे की बाकीच्यांनी वाद घालणं सोडून दिलं होतं.

“आधी मला पलीकडे ने,” बुवा म्हणाले. “मग पाहू.”

होडी पावसाळ्यापासून वाळूवर ओढून ठेवलेली होती. आता मात्र ती नवरीसारखी नटली होती. पुढे कमळं रंगवलेली, बसायला लाल गादी, वल्ह्याला झेंडूची माळ.

बुवांनी माळ बाजूला सारली.

“इथे काहीतरी बांधलेलं असायचं.”

“हो, लाकडाचा तुकडा. अंगठ्याएवढा. मळक्या चिंधीत गुंडाळलेला.”

“मग?”

“तुम्ही स्वतःच्या हातानं बांधलेला! म्हटलं, यात नक्की काहीतरी खूण आहे. दुधानं धुतला आणि देव्हाऱ्यात ठेवला.”

“देव्हाऱ्यात...”

“रोज गंध लावतो. माझं पाहून आता बाकीचेही फुलं वाहतात.”

बुवांनी माळ पुन्हा जागेवर सारली.

“नवस बोलायला लागलं का कुणी?”

“दोघी येऊन गेल्या.”

“बरं.”

बुवा होडीत चढले. मागच्या फळीखाली हात घालून त्यांनी काहीतरी चाचपलं आणि तिथेच, उघड्या तळावर, उजवी टाच रोवून बसले.

“अहो बुवा, गादी इकडे आहे.”

“असू दे. लोट होडी.”

विश्वंभरने होडी पाण्यात लोटली आणि उडी मारून वल्ही धरली. वल्हवता वल्हवता त्याचं तोंडही चालू झालं. वारा कसा ओळखावा, भरतीचा ओघ कसा कापावा, वरुणाचा कोणता मंत्र कधी म्हणावा, सगळं त्याने बुवांना शिकवलं.

बुवा ऐकत होते. टाच हलत नव्हती.

“काय हे आसन!” विश्वंभर भारावून म्हणाला. “एवढा वेळ झाला, पण पाय तसूभर हलला नाही. चित्त स्थिर झाल्याशिवाय हे जमत नाही. मला कधी जमेल, बुवा?”

“आत्ता शिकवतो,” बुवा म्हणाले, आणि त्यांनी टाच उचलली.

होडीच्या तळातून पाण्याचं कारंजं उडालं.

“फुटली! बुवा, होडी फुटली!”

वल्ही सोडून विश्वंभर गादीवर उभा राहिला. वरुणाचा मंत्र त्याला आठवेना. आठवली ती आई.

बुवांनी टाच पुन्हा टेकवली. कारंजं थांबलं.

“फुटली नाही. भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. वाळूवर असताना पावसाचं पाणी त्यातून निघून जातं. पाण्यात घालण्याआधी बूच मारायचं.”

“मग बूच कुठे आहे?”

“विसरू नये म्हणून आम्ही ते वल्ह्याला बांधतो.”

विश्वंभरने वल्ह्यावरच्या माळेकडे पाहिलं...

मग तो हळूच खाली बसला.

उद्या याच होडीत म्हाताऱ्या बसणार होत्या, पोरं बसणार होती. आता तो खरोखर घाबरला होता, आणि या वेळी स्वतःसाठी नव्हे.

त्याने होडी परत वळवली. सगळी वाट तो बुवांच्या टाचेकडेच बघत होता. इतकं एकाग्र चित्त त्याचं देवापुढेही कधी झालं नव्हतं.

होडी वाळूला लागली.

“बुवा... उद्याची पालखी?”

“ने की,” बुवा टाच चोळत म्हणाले. “फक्त तुझ्या त्या देवाला देव्हाऱ्यातून उठव आणि कामाला लाव. त्याच्या बदली मी किती वेळ बसू?”